एसजी ३८ का सेडबर्ग? शिकायला कुठलं ग्लायडर (बिनइंजिनचं विमान) बरं

होटगी रोडला चहा पिताना मित्राशी यावरच वाद झाला. जर्मनीचं एसजी ३८ म्हणजे १९३८ चं, सीट एकच, कॉकपिट नाहीच, समोर सगळं उघडं, टेकडीवरून पोरं रबरी दोर ओढून सोडायची आणि शिकणारा पहिल्या दिवसापासून एकटाच, सर खाली उभे! पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीची लष्करी विमानं बंद केलती म्हणून तिथं ग्लायडिंग एवढं वाढलं, पुढं लुफ्तवाफंला, म्हणजे जर्मन हवाई दलाला, त्यातूनच पोरं मिळाली.

ब्रिटनचं स्लिंग्सबी सेडबर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आलेलं. त्यात सर शेजारीच बसतात, विंचने (जमिनीवरचं दोर ओढणारं यंत्र) वर जातं, एअर कॅडेट्सनी (हवाई दलाच्या कॅडेट पोरांनी) १९८० च्या दशकापर्यंत वापरलं. मला तर सेडबर्गच पटतं बघ, चूक झाली तर लगेच सावरणारा हात शेजारी असतो.