बॉटनी घेऊ का झूलॉजी? दोन्ही करून बसलेल्याचं मत

मावसबहिणीचा मेसेज आला, केमिस्ट्री फिक्स आहे, सोबत बॉटनी धरू का झूलॉजी, लवकर सांग दादा, फॉर्मची तारीख जवळ आलीय. मी एफवायला (बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला) तिन्ही केलेले आणि पुढे बॉटनी ठेवलं, त्यामुळे माप थोडं त्या बाजूला झुकणार हे धरूनच वाच.

बॉटनी म्हणजे फुलं असं डोक्यात असेल तर आधी ते काढ. आम्हाला सुरुवातीला फुलं आलीच नाहीत, शेवाळ आलं. नॉस्टॉक, स्पायरोगायरा, मग शिळ्या पावावरची बुरशी, मग रिक्सिया-फ्युनारिया या ओल्या जागी उगवणाऱ्या मॉससारख्या वनस्पती, आणि प्रत्येकाची लाइफ सायकल, गॅमेटोफाइट (जननपेशी बनवणारी पिढी) कुठे संपला नि स्पोरोफाइट (बीजाणू बनवणारी पिढी) कुठे सुरू झाला यात निम्मा वर्ग गार. झूलॉजीचं तिथे बरंय, पॅरामिशियम, हायड्रा, गांडूळ असं चढत जातं आणि किडनी-हार्टवर आलं की आपलंच शरीर, पटकन बसतं. थिअरीत मार्क मला झूलॉजीत जास्त पडले, खोटं कशाला बोलू.

प्रॅक्टिकलला मात्र सगळं उलटं. यूजीसीने 2014 मध्ये डिसेक्शन, म्हणजे प्राण्यांची चिरफाड, बंद केलं (बरंच झालं, बेडकांनी काय घोडं मारलं होतं), त्यामुळे झूलॉजीत चार्ट, मॉडेल, तयार स्लाइड आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या, बघायचं नि जर्नलमध्ये काढायचं. बॉटनीत अजून स्वतः कापावं लागतं. सूर्यफुलाचं कोवळं खोड बटाट्याच्या फोडीत धरायचं, ब्लेड ओलं करायचं आणि एका दिशेने ओढत राहायचं. तीस-चाळीस कापांत एखादाच असा निघतो की वॉचग्लासमधल्या पाण्यात तो दिसतच नाही, तोच ब्रशने उचलायचा. सॅफ्रनिन या लाल रंगाचे दोन थेंब, धुवायचं, ग्लिसरीन, कव्हरस्लिप सुईने हळू टेकवायची, नाहीतर मधोमध बुडबुडा आणि मॅडम विचारणार हा कुठला टिश्यू. पण मायक्रोस्कोपखाली लाल झायलमचे (पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे) बंडल गोलात ओळीने लागलेले दिसले, आणि शेजारच्याच्या मक्यात तेच बंडल तिळासारखे विखुरलेले, की डायकॉट-मोनोकॉट (द्विदल-एकदल) पाठ करायची गरजच उरली नाही.

हर्बेरियमचा, म्हणजे झाडं दाबून वाळवून शीटवर चिकटवायचा, ताप वेगळा. कॉलेज पावसाळ्यात सुरू होतं, झाडं तेव्हाच भरपूर, आणि वाळत मात्र काही नाही. रोज पेपर बदलायचे. मी दोन दिवस कंटाळा केला तर गादीखालच्या टाकळ्याला बुरशी, आईने गादीसकट सगळं उन्हात टाकलं (ऊन होतं कुठे म्हणा). एकदांडी त्यातल्या त्यात लवकर वाळते, शीट भरायला बरी.

पुढच्या करिअरसाठी लोक घाबरवतात तेवढा फरक नाहीये. यूपीएससीच्या फॉरेस्ट सर्व्हिसला दोन्ही विषय चालतात, सीएसआयआर नेटला (संशोधन नि प्राध्यापकीसाठीची परीक्षा) तर पेपरच एक, लाइफ सायन्सेस. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), पॅथॉलॉजी लॅब असं काही मनात असेल तर झूलॉजी घे, उगाच शेवाळात शिरू नको. नर्सरी, बियाणं, जंगल, फिरणं आवडत असेल तर बॉटनी. नातेवाईक "नर्सरी टाकणार का" विचारतील, विचारू देत.

तरी ठरत नसेल तर आज तेरड्याचं खोड आण आणि नव्या ब्लेडने वीस काप काढून बघ. पाचव्या कापाला वैताग आला तर झूलॉजी. एकविसावा काढावासा वाटला तर बॉटनी, फक्त बोटाला बँडेड आधीच लाव.