छाप-कागद केंद्राचं सभासदत्व, गेल्या दिवाळीपासून: माणसं उत्तम, पाणी वाईट

गणपतीच्या आधी पुण्याहून फोटो आला. कोकणातल्या आपल्या छाप-कागद केंद्रात छापलेलं माझं एचिंग, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून घेतलेला छाप, ज्यांनी हिवाळ्यात विकत घेतलं होतं त्यांनीच पाठवलेला. कोऱ्या समासात, सहीच्या जरा वर, मोहरीहून बारीक तांबूस ठिपके. मध्ये गडद, कडेला विरलेले. त्याच आवृत्तीतल्या, म्हणजे त्याच पत्र्यावरून छापलेल्या, उरलेल्या प्रती काढून बघितल्या, तर बहुतेकांवर तेच.

केंद्रात काय काय आहे ते इथल्यांना सांगायला नको. एचिंग प्रेस, लिथो छपाईचे दगड, चिंध्यांचा लगदा करणारं हॉलंडर बीटर यंत्र, कागदाचा हौद, सगळं एका छपराखाली. मी सभासद झालो तो पैसे वाचावेत म्हणून. एचिंगचा परदेशी कागद देवगडपर्यंत मागवायचा तर वाहतुकीचाच खर्च डोळ्यांत येतो, आणि कोपरा दुमडून आला तर कोणी भरून देत नाही. इथे कापसाच्या चिंध्यांचा लगदा करायचा, हौदातल्या लगद्यातून कागद आपल्या हातानं जाळीवर उचलायचा आणि त्यावरच छापायचं. म्हणूनच ते ठिपके जिव्हारी लागले.

कार्यालयात उत्तर तयार होतं. "कोकणची हवा आहे सर, बुरशी असणार." हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. आपल्या हवेत बुरशी धरते हे खरंच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा पूर्वी जुन्नरला हातकागद झाला तो कोरड्या हवेत. आपल्याकडे जुलैत चपलांनाही बुरशी येते. पण माझ्या त्याच कपाटात, त्याच कप्प्यात बाहेरून घेतलेला कोरा कागद होता आणि तो स्वच्छ होता. त्याला केंद्राचं पाणी लागलं नव्हतं, एवढाच फरक. एचिंगसाठी कागद छापण्याआधी ओलवावा लागतो, आणि केंद्राचा कागद तर मुळात हौदातूनच वर येतो.

केंद्राची बोअर जांभ्यात आहे. जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाचा. बोअरचं पाणी वर येतं तेव्हा नितळ दिसतं, पण हवा लागली की त्यात विरघळलेलं लोखंड गंजून खाली बसतं. पांढरं धुणं पिवळं का पडतं हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. कागदात तेच लोखंड तंतूंमध्ये अडकतं आणि दमट हवेत काही महिन्यांनी डाग होऊन दिसू लागतं. बीटरच्या पात्यांचं लोखंड झिजून लगद्यात उतरलं तरी असेच डाग पडतात, म्हणून आधी तेही तपासलं. पाती स्टेनलेसची निघाली.

मग हिरडा कुटून उकळला, गाळून निवू दिला आणि काचेच्या दोन पेल्यांत ओतला. एकात पावसाचं पाणी घातलं, दुसऱ्यात हौदाच्या नळाचं. पहिला पेला पिवळसरच राहिला. दुसरा थोड्या वेळात जांभळट काळा झाला. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून पूर्वी शाई करत ती याच गुणावर. दोन्ही पेले नेऊन कार्यालयाच्या टेबलावर ठेवले. लोखंड काढायचा फिल्टर बसवलेला आहे, पण त्यातली वाळू शेवटची कधी धुतली हे कोणाला सांगता येईना. खरेदीकडे प्रस्ताव गेला आणि तिसरं कोटेशन नाही म्हणून परत आला. सभासदाला फी भरायला उशीर झाला तर दंड लागतो; फिल्टर तुंबला तर कोणालाच काही लागत नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी महिन्यापूर्वी लिहून ठेवला होता, आणि पुढे "सभासदत्व घेऊ नका" असंच लिहायचं होतं. आता तसं म्हणणार नाही. कागद बघणाऱ्या ताईंनी पेले बघितले आणि म्हणाल्या, "सर, पाऊस आहे तोवर करून घेऊया. बोअरला हातच लावायचा नाही." स्लॅबचा पाइप थेट ड्रमात सोडला. कापसाच्या लगद्यात केळीच्या सोपटाचा थोडा तंतू घातला. अडचण होती ती वाळवण्याची, कारण त्या हवेत टांगलेला कागद नुसता मऊ पडून राहतो. ताईंनी ताव टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदलले, अगदी रविवारीही येऊन.

छपाईचे भाऊ तेवढेच दर्दी. नवा ताव बोटांत धरून म्हणाले, "याला खळ कमी आहे. भिजवू नका, फवारा मारून रात्रभर प्लॅस्टिकमध्ये ठेवा." प्रेसचा दाबही त्यांनी उतरवला. ॲक्वाटिंटचा, म्हणजे एचिंगमधल्या सलग छटेचा, करडा असा आला की खालच्या केळीच्या तंतूची चमक त्यातून दिसते. असा छाप मला विकतच्या कागदावर कधी मिळाला नव्हता. पुण्याला नवी प्रत पाठवली, जुनी परत मागवली.

चित्रकार आणि छापणारा मिळून काम करण्याची ही पद्धत रुजवण्यात अमेरिकेतल्या टॅमरिंड या लिथो छपाईच्या कार्यशाळेचा मोठा वाटा. जून वेन यांनी ती १९६० मध्ये लॉस एंजेलिसला काढली, १९७० मध्ये ती न्यू मेक्सिको विद्यापीठात गेली. ज्युडिथ ब्रॉडस्की यांनी १९८६ मध्ये रटगर्स विद्यापीठात उभारलेल्या केंद्रात छपाईच्या जोडीला पुढे कागदही आला. आवृत्तीतली एक प्रत छापणाऱ्याला आणि काही केंद्राला, हा आपल्याकडचा नियम मला सुरुवातीला महाग वाटला होता. भाऊंच्या प्रतीबद्दल आता काही म्हणणं नाही. केंद्राच्या प्रतींबद्दल आहे, आणि फिल्टर धुतला जाईपर्यंत राहील.

टॅमरिंडमध्ये प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवतात: छापणारा कोण, कागद कोणता, शाई कोणती. आपल्या केंद्राचाही तसा तक्ता आहे. त्यात पाण्याचा रकाना हवाच. बोअरचं की पावसाचं, आणि फिल्टर कधी धुतला, हे घेणाऱ्याला कळायला हवं, कारण डाग दिसतो तेव्हा चित्र त्याच्या भिंतीवर असतं.

ड्रम आता संपत आलेत आणि पुन्हा बोअर सुरू होईल. दिवाळीनंतरची वेळ ज्यांनी घेतली आहे त्यांनी हिरड्याची पूड बरोबर न्यावी आणि नळाचं पाणी स्वतः बघावं. काळं झालं तर त्या दिवशी कागद न उचलता लेखी द्यावं आणि आवक क्रमांक घ्यावा. माझा अर्ज गेलेला आहे. आणखी काही सभासदांचे गेले तर पुढच्या बैठकीत फिल्टरचा विषय घ्यावाच लागेल.