जी.आय. जो: पावणेचार इंची फिगर, सहा इंची फिगर आणि कॉमिक. काय घ्यावं, काय तपासावं

जुनी जी.आय. जो फिगर, म्हणजे अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचा सांधे हलणारा खेळण्यातला सैनिक, विकत घेताना चेहरा, रंग, बंदूक हे सगळं नंतर बघा. आधी फिगरची छाती धरा आणि पाय हलकेच खाली ओढा. पाय लुळे लोंबत असतील किंवा छाती आणि कमर यांच्यात फट दिसत असेल, तर पाय आणि धड एकत्र ओढून धरणारी आतली रबरी ओ-रिंग (गोल कडं) गेलेली आहे. ही दुरुस्ती किरकोळ खर्चाची आहे. तेवढ्यासाठी चांगली फिगर सोडू नका, पण भाव करायला हे कारण नक्की वापरा.

हॅस्ब्रोने १९६४ साली आणलेला पहिला जी.आय. जो जवळजवळ फूटभर उंच होता आणि त्याला कापडाचा गणवेश होता. इथे मुख्यतः बोलायचं आहे ते १९८२ साली ‘अ रिअल अमेरिकन हीरो’ या नावाने आलेल्या पावणेचार इंची मालिकेबद्दल. उंची कमी केल्यामुळे जीप, रणगाडे, विमानं त्याच मापात करता आली. १९८५ ची यूएसएस फ्लॅग ही विमानवाहू नौका तर साडेसात फूट लांब आहे. खोलीत ती ठेवायची म्हणजे खाट हलवावी लागते.

सांध्यांच्या बाबतीत या फिगर त्या काळाच्या फार पुढे होत्या. तरी वर्षावर्षात फरक आहे आणि तो खरेदीच्या वेळी ओळखता आला पाहिजे. १९८२ च्या पहिल्या खेपेत हात कोपरात वाकतो, पण दंडात फिरत नाही, त्यामुळे रायफल दोन्ही हातांनी छातीशी धरता येत नाही. १९८३ पासून दंडाला फिरता सांधा आला आणि आधीच्या फिगरही त्याच सुधारणेसह पुन्हा निघाल्या. १९८५ पासून मानेत गोळीसारखा सांधा आला, म्हणजे डोकं डावी-उजवीकडे फिरतं आणि थोडं वर-खालीही होतं. खेळायला किंवा मांडायला घेत असाल तर १९८५ पासूनची फिगर हाताला जास्त समाधान देते. पहिल्या वर्षाची, दंड न फिरणारी फिगर फक्त संग्रह पूर्ण करणाऱ्याने घ्यावी.

आता ओ-रिंग. पाठीत एकच स्क्रू असतो. त्याच्या खाचेत घट्ट बसणारा छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक सैल बसलं तर स्क्रूचं डोकं खरवडलं जातं. स्क्रू काढला की छातीचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग सुटतात आणि डोकं, दोन्ही हात मोकळे होतात. दोन्ही पाय एका धातूच्या आकड्याने जोडलेले असतात. ओ-रिंग या आकड्यात अडकते, कमरेच्या तुकड्यातून वर येते आणि छातीतल्या स्क्रूच्या खांबाला गुंतते. जुनी रिंग बहुतेक वेळा डांबरासारखी चिकट झालेली किंवा तुकडे पडलेली मिळते. तिचे सगळे अवशेष टूथपिकने काढा, नाहीतर नवी रिंग नीट बसत नाही. नव्या रिंगचं माप चुकलं तर लगेच कळतं: जाड किंवा लहान रिंगने कमर इतकी आवळते की पाय बसत नाहीत आणि ओढ सतत कमरेच्या तुकड्यावर येते, मोठ्या रिंगने फिगर उभीच राहत नाही. नळदुरुस्तीच्या दुकानात जाताना पाय आणि आकडा सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. परत जोडताना डोकं आणि हात आपापल्या खोबणीत आहेत याची खात्री करा, दोन भाग बोटांनी पूर्ण मिटवा आणि मगच स्क्रू फिरवा. स्क्रू टेकला की थांबायचं. पुढे अर्धा फेरा जास्त दिला तर आतला प्लास्टिकचा खांब चिरतो, आणि त्याला इलाज नाही.

दोन दोष मात्र असे आहेत की ते दिसले तर फिगर परत ठेवावी. पहिला तुटलेला अंगठा. बंदुकीची मूठ अंगठा आणि बोटं यांच्यात दाबून बसवतात, आणि तो अंगठा काडीइतका बारीक आहे. दुसरा, पायांच्या मधला कमरेचा चिंचोळा तुकडा. पाय जोरात फाकवले किंवा आवळलेल्या रिंगची ओढ वर्षानुवर्षं राहिली की हा तुकडा मोडतो. विक्रेते फोटोत फिगर बसलेली दाखवतात ती अनेकदा हे झाकायला. उभ्या फिगरचा समोरून आणि तळहातांचा जवळून फोटो मागा. बंदूक बसवायच्या आधी फिगरचा हात मिनिटभर गरम पाण्यात धरला तर प्लास्टिक मऊ होतं आणि अंगठा वाचतो. उकळतं पाणी नको, रंग उठतो.

पांढऱ्या फिगर पिवळ्या पडतात. १९८४ चा स्टॉर्म शॅडो (शत्रुपक्षाचा निंजा) याचं ठळक उदाहरण. त्याचे हात आणि छाती वेगवेगळ्या छटांचे दिसले तर तो दोन फिगरमधून जुळवलेला असण्याची शक्यता असते. त्याच्यासोबत धनुष्य, पाठीवरचा भाता, एक लांब आणि एक आखूड तलवार, नन्चाकू इतकं सगळं हवं. यातलं एखादं जरी नसेल तर ती अपुरी फिगर आहे आणि भाव त्याप्रमाणेच द्यावा.

आता या खेळण्याचा खरा जीव. पाकिटाच्या प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे कापून ठेवण्यासारखं फाइल कार्ड असायचं: टोपणनाव, खरं नाव, हुद्दा, जन्मगाव, सैन्यातलं मुख्य काम आणि दुय्यम काम. ही कार्डं लॅरी हामा यांनी लिहिली, आणि मार्व्हलचं कॉमिकही त्यांनीच. आपल्याच पात्रांची टिपणं म्हणून त्यांनी केलेला हा मजकूर हॅस्ब्रोने पाकिटावर छापला. हामा स्वतः व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर दलात होते, आणि ते कार्डांत उतरलेलं दिसतं. रोडब्लॉक नुसता धिप्पाड मशीनगनवाला नाही. तो मिसिसिपीतल्या बिलॉक्सीचा मार्व्हिन हिंटन आहे आणि त्याला उत्तम स्वयंपाकी व्हायचं आहे. कार्ड वाचल्यावर ती फिगर हातात वेगळी लागते. म्हणून कार्डाशिवाय मिळणाऱ्या फिगरला मी थोडी खालची जागा देतो, मग तिची अवस्था कितीही उत्तम असो.

कॉमिकचा पहिला अंक जून १९८२ चा, आणि मार्व्हलमधली ही मालिका १९९४ साली १५५ व्या अंकावर थांबली. शत्रू म्हणून कोब्रा ही संघटना असावी ही सूचना मार्व्हलच्या आर्ची गुडविन यांची. खेळण्यांच्या टीव्ही जाहिरातीत ॲनिमेशन किती वापरायचं यावर बंधन होतं, म्हणून हॅस्ब्रोने कॉमिकचीच ॲनिमेटेड जाहिरात केली. म्हणजे जन्मतः हे जाहिरातीचंच साधन. तरी हामांनी त्यात माणसं उभी केली. १९ व्या अंकात महत्त्वाची पात्रं मरतात आणि पुन्हा उठत नाहीत. २१ वा अंक संपूर्ण नि:शब्द आहे: एकही संवाद नाही, एकही ध्वनिशब्द नाही. जी.आय. जो पथकाचा निंजा स्नेक आइज कैदेतल्या सहकारी स्कार्लेटला सोडवायला किल्ल्यात शिरतो, ती तोवर स्वतःच सुटते, आणि शेवटच्या पानावर स्नेक आइज आणि स्टॉर्म शॅडो यांच्या हातावर एकच गोंदण दिसतं. पुढची कितीतरी वर्षं हे कॉमिक त्या एका गोंदणावर चाललं. आणि हा स्नेक आइज म्हणजे १९८२ साली रंगाचा खर्च वाचवायला न रंगवता सोडलेली काळी फिगर!

कॉमिकचे सगळे अंक सारखे नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. दरवर्षी नवी खेळणी कथेत घुसवावी लागत, त्यामुळे शंभरीनंतर गर्दी फार होते. १०९ व्या अंकात एकदम अनेक जी.आय. जो सैनिक मारले जातात. तो धक्का खरा आहे, पण त्यानंतर निंजांची आणि चित्रविचित्र रंगांची भाऊगर्दी वाचवत नाही. नव्या वाचकाने १ ते ५० सलग वाचावेत, मग १९८६ ते १९८९ मधले ‘स्पेशल मिशन्स’चे २८ अंक. त्यातल्या बहुतेक मोहिमा अंकातल्या अंकात संपतात आणि शस्त्रं-डावपेच जास्त अस्सल वाटतात. हामांची मूळ मालिका २०१० पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने पुढे चालवून ३०० व्या अंकापर्यंत नेली, आणि २०२३ मध्ये स्कायबाउंड या प्रकाशनाने ३०१ पासून हाती घेतली. ‘ड्यूक’ आणि ‘कोब्रा कमांडर’ या मालिका ज्यात येतात ते स्कायबाउंडचं नवं विश्व वेगळं आहे. ते चांगलं आहे, पण ही दोन एकमेकांत मिसळून वाचू नका.

आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात या फिगर घेतल्या त्यांच्याकडच्या बहुतेक फनस्कूलच्या आहेत. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली उभी राहिलेली ही कंपनी, तिचा कारखाना गोव्यातही आहे. साचे हॅस्ब्रोचेच, पण रंगसंगती पुष्कळदा मूळ फिगरपेक्षा वेगळी, आणि त्यामुळेच अमेरिकी संग्राहकही त्या शोधतात. रंगकाम मात्र ढिलं: भुवया आणि पट्टे सरकलेले सहज दिसतात. घरात माळ्यावर बंद पाकिटं असतील तर ती फोडू नका.

हॅस्ब्रोची २०२० पासून आलेली सहा इंची क्लासिफाइड मालिका घडणीत अप्रतिम आहे. बहुतेक फिगरचे कोपर आणि गुडघे दुहेरी वाकतात, चेहऱ्यांचं रंगकाम जुन्या फिगरना कधी जमलं नाही इतकं नेटकं आहे. तोटे दोन. बंदुका मऊ प्लास्टिकच्या, पाकिटातूनच वाकलेल्या निघतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात धरायच्या. दुसरं, काही सांधे नवेपणी घट्ट अडकलेले असतात. जोर लावून पिळू नका, आधी गरम पाण्यात सांधा मऊ करा. शिवाय या मापात वाहनं महाग पडतात आणि कपाट खातात.

परदेशातून मागवणार असाल तर हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर करही लागतो. एक फिगर मागवताना पाठवणीचा खर्चच जीव काढतो. पहिली फिगर एकच घ्यायची असेल तर, मानेचा सांधा जुन्या पद्धतीचा असला तरी, १९८४ चा रोडब्लॉक घ्या: अंगठे शाबूत, हेल्मेट, मशीनगन आणि तिची तिपाई सोबत, आणि कार्ड असल्याशिवाय पूर्ण भाव देऊ नका.