शनिवार रात्रीची दहा पानं: ‘डंजन मास्टर्स गाइड’मधलं एनपीसींचं प्रकरण

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्याचं २०१४ सालचं ‘डंजन मास्टर्स गाइड’ माझ्याकडे सहा वर्षं आहे. पुस्तक ३२० पानांचं, पण चहाचे डाग पडलेत ते चौथ्या प्रकरणावर. एनपीसी, म्हणजे खेळाडूंना वाटेत भेटणारी बाकीची सगळी माणसं, कशी उभी करायची ते त्यात आहे. जेमतेम दहा पानं. रविवारी दुपारी आमच्या ठाण्याच्या घरी जेवणाचं टेबल आवरून खेळ मांडला जातो, मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट चालवणारी, आणि समोर चौघं खेळाडू. आदल्या रात्री मी हीच दहा पानं उघडून बसते.

आधी मी एकेका एनपीसीचं दोन-दोन पानी चरित्र लिहायचे. एकदा सरायवाल्यावर आठवडाभर खपले. त्याची बायको, कर्ज, दुखरा गुडघा, सगळं लिहून काढलं. चौघांनी सरायकडे बघितलंसुद्धा नाही. थेट नदीवर गेले आणि म्हणाले, नावाडी कोण आहे? माझ्याकडे त्याचं नावही नव्हतं. त्या दिवशी खेळ लंगडला, फार वाईट वाटलं.

पुस्तकाचं सांगणं सोपं आहे: दहा गोष्टी, प्रत्येकीला एक वाक्य. व्यवसाय आणि पूर्वायुष्य, दिसणं, क्षमता, एखादं कसब, लकब, इतरांशी वागणं, खेळाडूंच्या कामाची माहिती, आदर्श, जीव कशात गुंतलाय ते, आणि शेवटी दोष किंवा गुपित. सुचत नसेल तर तक्ते आहेत, फासा टाका. पुढच्या शनिवारी मी त्या नावाड्यासाठी टाकला. बोटं तुटलेली. स्मरणशक्ती अचाट. कुजबुजत बोलतो. संशयी. एका जुन्या वस्तूत जीव अडकलेला. आणि पूर्वी केलेला एक गुन्हा, कोणाला न कळलेला. पाच मिनिटंही लागली नसतील. पण ही सहा वाक्यं शेजारी ठेवल्यावर माणूस आपोआप दिसायला लागला: नावेत बसलेला प्रत्येक चेहरा ज्याला आठवतो आणि ज्याला स्वतःचं काही आठवू नये असं वाटतं. वस्तू मी ठरवली, तांब्याची छोटी घंटा, देवळातून चोरलेली.

या तक्त्यांची खरी ताकद हीच. एकेकटी नोंद साधी असते. दोन नोंदी एकमेकींना घासल्या की गोष्ट निघते. दिसण्याचा तक्ता मात्र बेतानेच वापरावा, एक खूण पुरते. अडखळत बोलण्याची लकब आली तर मी पुन्हा फासा टाकते. आमच्यातल्या एकाने लहानपणी त्यापायी खूप सोसलंय, त्याच्यासमोर ती नक्कल मी करणार नाही. आदर्शांचा तक्ता अलाइनमेंटप्रमाणे, म्हणजे पात्र भलं की बुरं, शिस्तीचं की स्वैर यानुसार पाडलाय, तो मला कधीच फारसा उपयोगी पडला नाही. खेळाडूंच्या सोबतीला असलेल्या एनपीसींची निष्ठा ० ते २० अशी मोजायचा नियमही आहे. मी दोन सेशन वापरला आणि सोडला, टेबलावर हिशेबच फार होतो. खलनायकांचा भाग चांगला आहे, त्याला काय हवंय इथून सुरुवात करायला लावतो.

आम्ही मराठीत खेळतो, आणि तिथे या दहा वाक्यांत मला एक कमी पडतं. इंग्रजीत समोरचा राजा असो की भिकारी, ‘यू’च. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यातलं एक निवडल्याशिवाय नावाड्याला तोंडच उघडता येत नाही. म्हणून मी अकरावं वाक्य लिहिते: हा कोणाला काय म्हणतो? हा नावाडी सगळ्यांना ‘तू’ म्हणायचा, अगदी सरदाराच्या मुलीलाही. फक्त आमच्या पुजाऱ्याला ‘आपण’. ‘आपण मधे बसावं, कडेला नको,’ असं खाली बघत, कुजबुजत. तेव्हा कोणी काही बोललं नाही. खेळ संपून पोहे खाताना चोर खेळणारी मैत्रीण एकदम म्हणाली, ‘अगं, तो त्यालाच आपण का म्हणत होता?’ त्या एका प्रश्नावर पुढची तीन सेशन झाली.

२०२४ मध्ये नवीन आवृत्ती आली आहे. माझं काम अजून जुन्यावरच चालतं. डीएम होऊ पाहणाऱ्याला मी हे पुस्तक बिनदिक्कत घ्यायला सांगेन. इंग्रजी सोपं आहे, आणि चौथं प्रकरण आधीची तीन न वाचताही वापरता येतं.

घंटेचं गुपित गेल्या रविवारी फुटलं. नावाड्याने ती पुजाऱ्यापुढे ठेवली. पुजारी खेळणारा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘ठेवा काका, तुमच्याकडेच राहू दे.’ मी वहीतल्या अकराव्या वाक्याकडे बघितलं, आणि नावाडी पहिल्यांदाच कुजबुजला नाही. ‘बस,’ तो म्हणाला, ‘तुला पलीकडे सोडतो.’