डब्यावर १२००, मागे पोर्ट १०० चे! लगीनसराई काढल्यानंतरचा अनुभव

या १२०० वाल्या वाय-फाय राउटरची स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. भुसावळात घरीच लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. खालच्या जुन्या पीसीत सगळा डेटा, मिक्सिंगचा पीसी वरच्या खोलीत, मधे हा राउटर. इंटरनेटला नाव ठेवायला जागा नाही. मे महिन्यातल्या आमच्या उन्हातही एकदा लटकला नाही.

पण ६४ जीबीचं कार्ड खालून वर न्यायचं म्हणजे दीड तास! कॉपीचा आकडा सेकंदाला ११ एमबीवर (मेगाबाइटवर) जो अडतो, तो हलतच नाही. डब्यावरचे १२०० म्हणजे वाय-फायच्या दोन बँडची (लहरींच्या पट्ट्यांची) बेरीज, ३०० आणि ८६७, वर गोल करून. मागचे लॅन पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची भोकं, मात्र १०/१०० चे, सेकंदाला जास्तीत जास्त शंभर मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर मेगाबिटला आठने भागा, साडेबारा एमबी. हमाली-तोलाई कापून हातात अकरा. हे डब्यावर छापलंय, पण मुंगीच्या अक्षरात. पोर्टात चार पैसे वाचवून डब्यावर १२०० मिरवायचे, ही कुठली रीत?

त्यात विंडोज ११ प्रोचं २४एच२ अपडेट आलं आणि शेअर फोल्डर उघडेना. म्हणे तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना (म्हणजे पासवर्डशिवाय येणाऱ्यांना) प्रवेश नाही. कसली संस्था? घरात मी अन् बायको! राउटरच्या हेल्पलाइनवर एकच मंत्र, फॅक्टरी रीसेट मारा. अहो, पिंग (एका पीसीने दुसऱ्याला मारलेली हाक) जातोय, म्हणजे रस्ता चालू आहे, कुलूप दारावर आहे. खालच्या पीसीवर पासवर्डवालं वेगळं युजर खातं काढलं, फोल्डर त्याच्या नावाने शेअर केला, उघडला. (विंडोज उघडायचा पिन इथे चालत नाही, पासवर्डच लागतो.) यात राउटरचा दोष नव्हता, म्हणून रेटिंगमध्ये एक तारा वाढवला.

वेगासाठी नवा राउटर घेणार नव्हतोच. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (वायरने पीसी एकमेकांना जोडणारी डबी, हजार मेगाबिटची) आणला, दोन्ही पीसी त्यात, राउटरला एकच वायर. तरी अकराच! वरच्या वायरचं टोक उजेडात धरलं, तर क्लिपमध्ये आठपैकी चारच तारा. केबलवाल्या भाऊने बाकीच्या कापून टाकलेल्या. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवीन क्लिप मारून घेतली, आकडा शंभरावर गेला, कार्ड दहा-अकरा मिनिटांत वर.

राउटर आता इंटरनेटपुरता. तीन तारे. घरात फायली फिरवायच्या असतील तर डब्यावर १०/१००/१००० लिहिलेलं बघूनच घ्या. शेवटचा आकडा नसेल, तर दुकानदार कितीही कमी करो, घेऊ नका.