एअरबॅगचा दिवा विझवण्याचे साडेसोळा हजार

दुरुस्त होऊन आलेली गाडी मी अडीच महिने रोज जवळपास शंभर किलोमीटर चालवली. त्या अडीच महिन्यांत अपघात झाला असता, तर एअरबॅग उघडतीलच याची काही खात्री नव्हती. आणि हे मला माहीत नव्हतं, कारण ज्या दिव्याने ते मला सांगायचं, त्या दिव्याचं तोंडच बंद करून ठेवलेलं होतं. त्या कामाचे मी साडेसोळा हजार रुपये मोजले.

मी गारगोटीजवळच्या एका हायस्कूलमध्ये शिकवते. राहायला कोल्हापुरात. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा हा रस्ता ज्यांचा रोजचा आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात खड्डे दिसत नाहीत, आणि हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक पुढ्यात येतात. म्हणून २०१८ ची ही हॅचबॅक घेताना मी पुढे दोन एअरबॅग असलेलंच मॉडेल घेतलं होतं.

जुलैत एके दिवशी, रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी काढून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागला तो विझेचना. ओळखीतल्या एकांनी शहरातल्या एका गॅरेजचं नाव सांगितलं. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर जोडला, पडद्यावर काहीतरी आलं, ते त्याने लांबूनच दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, पुढचा क्रॅश सेन्सर गेलाय बगा. अशीच चालवली तर एअरबॅग कवाबी फुटंल, तोंडावर. गाडी आज इथंच सोडा."

या वाक्याला मी घाबरले. चालत्या गाडीत तोंडावर एअरबॅग फुटणार म्हटल्यावर कोण गाडी घेऊन घरी जाईल? पण नंतर कळलं ते नेमकं उलटं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला एखादा सेन्सर सापडेनासा झाला की ते दिवा लावतं, त्या दोषाचा कोड साठवतं, आणि सहसा एअरबॅग उघडण्याचं काम अर्धवट किंवा पूर्ण थांबवून ठेवतं. म्हणजे त्या दिव्याचा अर्थ जवळपास नेहमी "उघडणार नाही" असा असतो. मला त्याची भीती घालण्यात आली ती "उघडेल" म्हणून.

आमचे वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. कोल्हापूरच्या मिस्त्रीच्या हाताला तोड नाही हे ऐकतच मी वाढले, आणि ते खरंही आहे. त्यामुळे मिस्त्रीने सांगितलेल्या निदानावर उलट प्रश्न विचारायची सवयच मला नव्हती. कोड काय आला, तो कागदावर लिहून द्या, एवढंही मी विचारलं नाही. मोबाइल हातात होता, पडद्याचा एक फोटो काढायला दोन सेकंद लागले असते.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. सेन्सर ९,८०० रुपये, प्रोग्रॅमिंग ४,५००, मजुरी २,२००. बिल म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना जीएसटी नंबर, ना सेन्सरचा पार्ट नंबर. जुना सेन्सर मागितला तर वर्तमानपत्रात गुंडाळून लगेच हातात ठेवला. त्यामुळे तर माझा विश्वास आणखी पक्का झाला. दिवा विझला होता. मी यूपीआयने पैसे दिले. पैसे गॅरेजच्या नावावर न जाता दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर गेले, हेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

ऑक्टोबरमध्ये नणंदेचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस राहायला आला होता. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करतोय. रंकाळ्यावर जायला निघालो, मी चावी फिरवली, आणि तो म्हणाला, "मामी, परत बंद करून चालू कर बघू. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे, दुरुस्त केलाय. तो म्हणाला, "दुरुस्त असला तरी चावी ऑन केल्यावर लागायला पाहिजे. पाच-सहा सेकंद लागतो, युनिट सगळं तपासतं आणि मग विझतो. तुझा लागतच नाही."

तिथेच गाडी उभी करून आम्ही पाच वेळा चावी फिरवली. बॅटरीचा दिवा लागे, ऑइलचा लागे, एबीएसचा लागून विझे. एअरबॅगच्या जागी काळोख. अडीच महिने मी त्या जागेकडे बघून समाधानाने गाडी चालू करत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉलेजच्या सरांनी सुचवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. या माणसाने आधी काहीही उघडलं नाही. एअरबॅगचे कोड वाचू शकणारा स्कॅनर लावला. हे मुद्दाम लिहितेय, कारण बाजारात हजार-पंधराशेला मिळणारे छोटे ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक गाड्यांत इंजिनाचेच, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी'चे असतात, ते अशा स्कॅनरला दिसत नाहीत आणि आपल्याला वाटतं गाडीत दोषच नाही. आमच्या गाडीत कोड होता, तोही जुना साठवलेला नव्हे, त्या क्षणी चालू असलेला: पुढच्या सेन्सरशी संपर्क नाही.

मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली आणि खुर्ची ओढून बसले. विचारलं तर म्हणाले, "युनिटच्या पोटात कपॅसिटर असतोय ताई. बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडवायपुरता करंट त्याच्यात राहतोय. तो उतरू द्यायचा, मग हात घालायचा." अपघातात बॅटरीचीच वायर तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून ही सोय असते. पहिल्या गॅरेजात स्कॅनर काढल्या काढल्या पोराने पाना घेऊन बंपरला हात घातलेला मी स्वतः पाहिला होता.

बंपर उतरवला. पुढचा सेन्सर रेडिएटरच्या आधाराच्या पत्र्यावर खाली बसवलेला असतो, म्हणून पाणी आणि चिखल पहिल्यांदा त्यालाच गाठतात. आमचा सेन्सर तिथेच होता, जुनाच, सात वर्षांच्या मातीसकट. स्टिकर फिकट झालेला पण वाचता येत होता. त्याचा कनेक्टर काढून बाजूला काळ्या टेपने गुंडाळून ठेवला होता. आतल्या दोन पिनांवर हिरवट गंज. आणि सेन्सरचा बोल्ट इतका सैल, की बोटांनी हलत होता.

त्या बोल्टचं महत्त्व मिस्त्रींनी समजावलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हा सेन्सर गाडीचा वेग एकदम किती तुटला ते मोजतो. तो पत्र्याला घट्ट आवळलेला असेल, त्याच्यावरचा बाण ठरल्या दिशेला असेल, तरच पत्र्याला बसलेला धक्का त्याला जसाच्या तसा कळतो. पापणी लवायच्या आत युनिटला ठरवायचं असतं की एअरबॅग उघडायची का नाही. लटकत्या सेन्सरवर ते काय ठरवणार?

मग दिवा का लागत नव्हता? मीटर काढून उघडला. एअरबॅगच्या चिन्हामागच्या एलईडीवर काळी चिकटपट्टी लावलेली होती. बोटाच्या नखाएवढी. मीटरच्या कडेला स्क्रूड्रायव्हरचे ओरखडेही होते, तेही मला आधी दिसले नव्हते. भाच्याने सांगितलं, एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठराविक अडथळा करणारा छोटा भाग, लावून युनिटला फसवणारे लोक असतात, पण हा सेन्सर युनिटशी सतत बोलत असतो, त्याच्या जागी रेझिस्टर बोलू शकत नाही. म्हणून यांनी सरळ दिवाच झाकला.

वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला तो "जुना सेन्सर" मी घरून आणला. त्याचा पार्ट नंबर वेगळा, बोल्टची भोकं वेगळी. आमच्या गाडीचा तो नव्हताच.

मूळ सेन्सर युनिटने ओळखला, म्हणजे तो शाबूत होता. दोष होता तो फक्त कनेक्टरच्या पिनांचा. एअरबॅगच्या वायरीला साधा जोड देऊन टेप मारायची नसते, म्हणून मिस्त्रींनी कनेक्टरसकट पुढच्या वायरिंगचा भाग मागवला. यायला पाच दिवस लागले, तेवढे दिवस मी एसटीने गेले. वायरिंग २,६५०, मीटरचं काम ९००, तपासणी आणि मजुरी १,३००. एकूण ४,८५०, पक्क्या बिलासकट. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही स्कॅन रिपोर्ट त्यांनी छापून दिले. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना त्यांनी मल्टिमीटर लावला नाही, का ते विचारल्यावर म्हणाले की मल्टिमीटरच्या एवढ्याशा करंटनेही एअरबॅग उडू शकते. तुमच्या समोर कुणी पिवळ्या कनेक्टरात मल्टिमीटरची सुई घालायला लागला, तर गाडी घेऊन निघून या.

आम्ही तिघं, मी, हे आणि भाचा, पहिल्या गॅरेजात गेलो. चिकटपट्टीचा फोटो दाखवला. तो माणूस शांतपणे म्हणाला, "तुमाला दिवा बंद पायजे हुता. दिला की बंद करून."

मी त्या दिवशी रागाने थरथरत होते. माझ्या शेजारच्या सीटवर रोज एक सहकारी बसते, कधी माझी मुलगी बसते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. फोटो, दोन्ही स्कॅन रिपोर्ट, यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी जोडून लेखी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. आठवड्याने सेन्सरचे ९,८०० परत आले. बरोबर "आता तक्रार नाही" असं लिहून द्या, असा निरोप. ते मी लिहून दिलेलं नाही. बाकीच्या ६,७०० साठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्या गाड्या आता वॉरंटीतून बाहेर पडून बाहेरच्या गॅरेजांत येऊ लागल्या आहेत. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनीही चावी ऑन करून आधी हा दिवा बघावा. लागून राहिला तर दोष आहे. लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी काहीतरी केलं आहे, तो प्रकार जास्त वाईट.

तो दुसरा सेन्सर अजून माझ्या कपाटात आहे. त्याचा स्टिकर स्वच्छ आहे, पिना चकचकीत आहेत, खराब झाल्याचं एकही लक्षण नाही. भंगारात गेलेल्या गाडीचा असेल तर ठीक. पण तो कुणाच्या चालत्या गाडीतून काढलेला असेल, तर त्या माणसाच्या मीटरवरही एअरबॅगचा दिवा लागत नसेल. जुलैच्या आसपास कोल्हापुरात कुणी हे काम करून घेतलं असेल, त्यांनी कृपा करून आज गाडीत बसून चावी फिरवून बघावी.