मॅकिनन की कुचेरोव्ह: मोसमाचा हिशेब वेगळा, ऑल-स्टारची यादी वेगळी

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा २०२३-२४ चा मोसम वादासाठी इतका सुपीक होता की तो वाद अजून मिटलेला नाही. टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहून नव्याने हॉकी बघू लागलेल्या मराठी माणसाला ऑफिसात कोणीतरी हमखास विचारतं, "मॅकिनन की कुचेरोव्ह?" म्हणजे त्या मोसमाच्या हार्ट ट्रॉफीचा खरा मानकरी कोण. पाठोपाठ ऑल-स्टार सामन्याचा विषय निघतो: अमुक घेतलाच कसा, तमुक वगळलाच कसा. लोक दोन्ही प्रश्न एकाच फुटपट्टीने मोजायला जातात आणि तिथेच घोळ होतो. हार्ट ट्रॉफी, म्हणजे आपल्या संघाला सर्वाधिक मोलाच्या ठरलेल्या खेळाडूचा पुरस्कार, हा अख्ख्या साखळीचा निकाल असतो, त्या मोसमात ८२ सामन्यांचा. ऑल-स्टारची यादी त्या वर्षी जानेवारीत, मोसम अर्ध्यावर असताना, संघासंघांत जागा वाटून झाली.

आधी मोसम. चार नावं, नियमित साखळीचे आकडे:

| | मॅकिनन | कुचेरोव्ह | मॅकडेव्हिड | मॅथ्यूज |
|---|---|---|---|---|
| संघ | कोलोरॅडो | टॅम्पा बे | एडमंटन | टोरांटो |
| सामने | ८२ | ८१ | ७६ | ८१ |
| गोल | ५१ | ४४ | ३२ | ६९ |
| असिस्ट | ८९ | १०० | १०० | ३८ |
| गुण | १४० | १४४ | १३२ | १०७ |
| प्लस-मायनस | +३५ | +८ | +३५ | +३१ |
| संघाचे साखळी गुण | १०७ | ९८ | १०४ | १०२ |

गोलला एक गुण, असिस्टलाही (गोलआधीच्या पासलाही) एक, आणि एका गोलमागे जास्तीत जास्त दोन असिस्ट. सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी कुचेरोव्हला, सर्वाधिक गोलांची रॉकेट रिशार्ड मॅथ्यूजला. या दोन्ही ट्रॉफ्या आकड्यांवर मिळतात, तिथे मतदान नाही. हॉकी पत्रकारांच्या मतांची हार्ट आणि खेळाडूंच्या मतांची टेड लिंडसे, दोन्ही मॅकिननकडे गेल्या.

मॅथ्यूजला या वादातून लवकर बाजूला काढता येतं. ६९ गोल म्हणजे पिट्सबर्गचा दिग्गज मारियो लेम्यू याच्या १९९५-९६ च्या मोसमानंतरचा सर्वांत मोठा आकडा. गोल करणं या एका कामात त्या वर्षी त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं. पण गुणांत तो पहिल्या दोघांच्या तीसहून जास्त मागे आहे आणि ती दरी नुसत्या गोलांनी बुजत नाही. मॅकडेव्हिडचं प्रकरण अवघड आहे. सामन्यामागे गुण काढले तर कुचेरोव्ह १.७८, मॅकडेव्हिड १.७४ आणि मॅकिनन १.७१, म्हणजे मॅकडेव्हिड मॅकिननच्या पुढेच. त्याला मागे खेचलं ते सुरुवातीने. ऑक्टोबरमधली दुखापत, संघाची दयनीय सलामी, नोव्हेंबरात प्रशिक्षकाची उचलबांगडी. नंतर एडमंटनने सलग १६ सामने जिंकले आणि पिट्सबर्गचा १७ चा विक्रम एका सामन्याने हुकला. पण पहिल्या महिन्याचं नुकसान गुणांच्या रकान्यात राहिलं ते राहिलंच. साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, अंतिम फेरी हरूनही त्याने तिथल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी जिंकली, हे उदाहरण इथे मांडू नका. हार्टची मतं प्लेऑफ सुरू होण्याआधीच पडलेली असतात. टॅम्पा पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून पाच सामन्यांत हरली, हे कुचेरोव्हविरुद्ध वापरणाऱ्यांनाही तेच उत्तर.

आता खरा सामना. कुचेरोव्हविरुद्ध सर्वांत जास्त ऐकू येणारा आरोप म्हणजे "याचे गुण सगळे पॉवर प्लेचे". प्रतिस्पर्धी शिक्षेच्या बाकावर बसलेला, मैदानात पाचाविरुद्ध चार, तेव्हाचे हे गुण. कुचेरोव्हचे असे ५३, मॅकिननचे ४८. दोघांच्या एकूण गुणांतून ते वजा करा: ९१ आणि ९२. फरक एका गुणाचा. ज्याला कुचेरोव्हच्या विरोधात बोलायचं असेल त्याने दुसरा मुद्दा शोधावा, हा टिकत नाही.

शिवाय तो पॉवर प्ले आयता मिळालेला नव्हता. टॅम्पाचा पॉवर प्ले त्या मोसमात लीगमध्ये पहिला होता, २८.६ टक्के, आणि त्याचा कळीचा माणूस कुचेरोव्ह. तो डावखुऱ्या स्टिकने उजव्या बाजूच्या कठड्याजवळ पक (खेळाची चकती) घेऊन थांबतो. तेव्हा समोर डाव्या वर्तुळात उजव्या स्टिकचा स्टॅमकोस असायचा, एका फटक्याच्या तयारीत, मध्ये गोलसमोर ब्रेडन पॉइंट, वर निळ्या रेषेपाशी हेडमन. बचावाच्या चौघांना एकाच वेळी दोन वाटा झाकता येत नव्हत्या. स्टॅमकोसकडे जाणारा आडवा पास अडवायला ते आत सरकले की कुचेरोव्ह स्वतः मारायचा, त्याच्या अंगावर आले की पॉइंट मोकळा. पक हातात घेऊन तो जे क्षणभर रेंगाळतो त्याला नवखे आळस म्हणतात. खरं तर तो बचावपटूची स्टिक कुठे टेकते आहे ते बघत असतो.

दुसरी फसवी गोष्ट प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांची वजाबाकी. मॅकिनन +३५ आणि कुचेरोव्ह +८, म्हणजे बचावात पहिला सरस, असा सरळ अर्थ काढला जातो. पण या आकड्याची बेरीज कशी होते ते पाहा. पॉवर प्लेमध्ये केलेला गोल प्लसमध्ये धरतच नाहीत, त्यामुळे कुचेरोव्हचं सर्वांत मोठं भांडवल इथे शून्य ठरतं. उलट संघ एका गोलने मागे असताना शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवतात, तेव्हा मैदानात कुचेरोव्ह असणारच. रिकाम्या जाळ्यात गोल बसला की त्याच्या नावावर मायनस. टॅम्पा पिछाडीवर जास्त वेळा होती. मुख्य गोलरक्षक व्हॅसिलेव्स्की पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत नव्हताच. बचावात मॅकिनन थोडा बरा आहे, पण २७ चा फरक हा दोन माणसांतला नाही, बराचसा दोन संघांतला आहे.

मग मॅकिननच्या बाजूने काय उरतं? भरपूर उरतं. मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्यापासून सलग ३५ घरच्या सामन्यांत त्याने किमान एक गुण मिळवला. यापुढे फक्त ग्रेट्स्की आहे, १९८८-८९ चा ४० सामन्यांचा. गोलवर ४०५ फटके, लीगमध्ये सर्वाधिक. ५१ गोल आणि ८९ असिस्ट, म्हणजे शेवट करणाराही तोच आणि देणाराही तोच. सेंटर (मधला आक्रमक) असल्याने फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होताना तो झटापटीत मिळवणं, आणि स्वतःच्या गोलसमोरचं खालचं काम त्याच्याकडे, कुचेरोव्हसारख्या बाजूच्या विंगरला त्या मानाने ते कमी. पाचास पाच खेळताना तो आपल्या हद्दीतूनच वेग घेऊन येतो. मध्यरेषा ओलांडेपर्यंत समोरचा डिफेन्समन मागे सरकू लागलेला असतो आणि त्या सरकण्याने मागून येणाऱ्या कोलोरॅडोच्या डिफेन्समन मकारला मोकळी जागा मिळते. मकारच्या पुढच्या फटक्यावर गोल झाला तर मॅकिननला असिस्ट मिळतं, नाही झाला तर काहीच नाही. पण ती जागा सामन्यातून दहा वेळा तयार होते.

आता कुचेरोव्हचा सर्वांत भक्कम मुद्दा, जो त्याच्या चाहत्यांना नीट मांडता येत नाही. हार्टची व्याख्या "सर्वोत्तम खेळाडू" अशी नाही, "आपल्या संघाला सर्वाधिक मोलाचा" अशी आहे. प्रत्येकाच्या संघातला दुसरा सर्वाधिक गुणांचा खेळाडू बघा. टॅम्पात पॉइंट, ९० गुण: अंतर ५४. कोलोरॅडोत रँटानेन, १०४: अंतर ३६. एडमंटनमध्ये ड्रायसाइटल, १०६: अंतर २६. टॅम्पाने मोसमभरात केलेल्या गोलांपैकी जवळपास निम्म्यांत कुचेरोव्हचा हात आहे. मॅकिननचं हेच प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास. व्याख्या अक्षरशः पाळायची तर कुचेरोव्हची बाजू जड होते.

तरीही मत द्यायचं तर मॅकिननला द्यावं, अगदी थोड्या फरकाने. कारण पॉवर प्ले वगळून दोघे बरोबरीत असले तरी त्या बरोबरीत मॅकिननने सेंटरचं काम करून, स्वतः जास्त फटके मारून ते गुण मिळवले. विंगरचे १०० असिस्ट ही ऐतिहासिक गोष्ट आहे, यात वाद नाही: त्याआधी हा टप्पा गाठणारे चौघे म्हणजे ऑर, ग्रेट्स्की, लेम्यू आणि त्याच आठवड्यात मॅकडेव्हिड, आणि त्यांत एकही विंगर नाही. ज्याला इतिहास जास्त भावतो त्याने कुचेरोव्हचं नाव पहिलं लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही. हार्टच्या मतपत्रिकेवर पाच नावं असतात आणि गुण १०, ७, ५, ३, १ असे मिळतात, म्हणजे पहिल्या-दुसऱ्यातला फरक तीन गुणांचाच. खरी चूक म्हणजे कुचेरोव्हला तिसरा-चौथा टाकणं.

ऑल-स्टारकडे येताना ही सगळी बेरीज बाजूला ठेवा. २०२४ चा सामना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोरांटोत झाला. एकूण ४४ खेळाडू, चार संघ, प्रत्येकी ११. पहिले ३२ लीगने निवडले, लीगच्या प्रत्येक संघातून एक. उरलेले १२ चाहत्यांच्या मतांवर: आठ स्केटर आणि चार गोलरक्षक. या दोन ओळींत जवळजवळ सगळ्या भांडणांची मुळं आहेत. तळाच्या संघाला एक जागा मिळणारच, तेव्हा बलाढ्य संघाचा दुसरा खेळाडू फक्त मतांवर येऊ शकतो, आणि मतं मोठ्या, जागरूक चाहतावर्गाकडे जातात. निकाल अपेक्षेप्रमाणे: टोरांटोचे चार, व्हॅन्कुव्हरचे पाच. व्हॅन्कुव्हर त्या वेळी खरोखर जोरात होतं; टोरांटो यजमान होतं.

याची सर्वांत ठळक किंमत मोजली ती न्यूयॉर्क रेंजर्सच्या आर्टेमी पनारिनने. लीगने रेंजर्सच्या जागेवर गोलरक्षक शेस्टर्किन घेतला, कारण ३२ जागांत गोलरक्षकही बसवायचे असतात. पनारिन मतांतही आला नाही. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर ४९ गोल, १२० गुण होते आणि पत्रकारांनी मोसमाअखेर निवडलेल्या पहिल्या ऑल-स्टार संघात डावा विंगर म्हणून तोच होता. ऑल-स्टार सामना आणि ऑल-स्टार संघ या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही. मोसमाअखेरच्या त्या संघात जागा स्थानानुसार असतात, म्हणून मॅकिनन सेंटर आणि कुचेरोव्ह उजवा विंगर असे दोघेही बसले. कोणाचा गौरव मोजायचा असेल तर ती यादी बघावी.

मतदानाची गंमत जुनी आहे. २०१५ मध्ये बफलोचा झेमगस गिर्गेन्सन्स लाटव्हियातल्या मतांच्या जोरावर सर्वाधिक मतं घेऊन गेला. २०१६ मध्ये जॉन स्कॉट या मारामारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूला चाहत्यांनी थट्टेने कप्तान केला, त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन खालच्या लीगमध्ये पाठवण्यात आलं, तरी तो नॅशव्हिलला आला, दोन गोल केले आणि सामन्याचा सर्वोत्तम ठरला.

मत देताना एकच गोष्ट ध्यानात ठेवायची होती: २०१६ ते २०२४ हा सामना तिघांविरुद्ध तिघे असा खेळला गेला. मैदान तेवढंच, गोलरक्षक सोडून माणसं पाचाऐवजी तीन. तिथे मोसमातला सर्वाधिक गुणवान नव्हे, तर मोकळ्या बर्फावर वेगाने पक नेणारा माणूस शोभतो. मॅकडेव्हिड, मकार आणि मॅकिनन तिथे जन्मजात बसतात. एकाच जागी उभं राहून एका फटक्याने गोल करणारा, किंवा अंगाने आडवा येणारा डिफेन्समन, कितीही चांगला असो, निरुपयोगी ठरतो. गोलरक्षक सुरेखच असावा असंही नाही. लागोपाठ मोकळे हल्ले येणार हे धरून चालायचं.

म्हणूनच कुचेरोव्ह हे त्या वर्षीचं सर्वांत अडचणीचं नाव होतं. पहिल्या ३२ मध्ये तो टॅम्पाचा प्रतिनिधी. गुणांच्या शर्यतीत अग्रभागी असताना दुसरं कोणाला घेणं लीगला शक्यच नव्हतं. आदल्या दिवशीच्या कौशल्य स्पर्धेत बारा जण दहा लाख डॉलरसाठी उतरले, मॅकडेव्हिड जिंकला, आणि कुचेरोव्ह इतका निरुत्साहाने स्केट करत होता की टोरांटोच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्या रात्रीवरून त्याचा मोसम तोलणारे चुकतात. पण जागा त्याला देणंही चूकच होतं: त्याचा खेळ थांबून, वाट बघून, पाचजणांच्या मांडणीत फुलतो. टॅम्पाच्या त्या एका जागेवर ब्रेडन पॉइंट पाठवला असता तर तिघांच्या मोकळ्या बर्फावर त्याचा वेग दिसला असता.